केसरीनाथ शेठचा मुका फोन

"कशेळीच्या खाडीपासून भिवंडीच्या शेवटच्या लूमपर्यंत ज्याच्या नजरेतून माशीही सुटत नाही, असा तीक्ष्ण बुद्धीचा, पोलादी मनाचा, जन्मजात गुप्तहेर: भाविक केसरीनाथ!"

हे मी म्हणत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलंय. स्तुती संपेपर्यंत कार्ड संपलं, त्यामुळे फोन नंबराला जागा उरली नाही. साहजिकच आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही, आणि म्हणून आपली एकही केस फसलेली नाही, असं तो अभिमानाने सांगतो.

हा गुप्तहेर सध्या मुंबईला विद्यापीठात जनसंपर्क आणि कॉर्पोरेट प्रतिमा-व्यवस्थापन या विषयात एम.ए. करतोय. "ताई, माणसासारखा प्रतिमेचाही खून होतो," तो मला समजावतो. "कोणी केला, कुठल्या हत्याराने केला, हे शोधणं म्हणजे जनसंपर्क." मी करिष्मा, साधी बी.कॉम. मला वाटायचं, जनसंपर्क म्हणजे लोकांशी बोलणं. इतकं सोपं असतं तर त्याची एवढी फी कोणी घेतली असती?

शेवटच्या वर्षाला त्यांना प्रकल्प असतो. एखादा चालू धंदा निवडायचा, त्याची प्रतिमा उंचावायची, आणि मग त्यांच्या प्राध्यापिका मेघाली मॅडम स्वतः येऊन मालकाला विचारणार, उंचावली का? भाविकने फार लांब न जाता बाबांची काल्हेरची गोदामं निवडली. बाबांनी लगेच आपली अट घातली. पास झाला तर त्याने खुशाल मुंबईला नोकरी करावी, गोदामाच्या चाव्या माझ्याकडे. नापास झाला तर चाव्या त्याच्याकडे. म्हणजे जो नापास होईल त्याच्या हातात धंदा, कारण तो मुलगा. गाड्या लावून घेणं, माथाड्यांची भांडणं मिटवणं, भाडेकरू कंपन्यांच्या मॅनेजरांना वठणीवर आणणं, हे सगळं कधीपासून मीच करते. पण ती म्हणे 'मदत'. मला त्या चाव्या हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या, आणि त्यासाठी या प्राण्याला पास करणं भाग होतं.

भाविकने मोहीम सुरू केली. कशेळीच्या नाक्यावर आणि शेजारच्या वळ गावच्या फाट्यावर बाबांचे मोठे बॅनर लावले. काल्हेरला मात्र लावला नाही. "गाव आपलंच आहे, तिथे प्रतिमा कशाला?" डिझाइन गोपनीय होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बाबा घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, आई त्यांच्या सेवेत, मी गोदामात. बॅनर आमच्यापैकी कोणीच पाहिला नाही.

आणि बाबांचा फोन वाजायचा थांबला.

आरतीच्या वेळीही वाजणारा तो फोन. ऑपरेशनला आत नेतानासुद्धा बाबांनी त्यावरून कोणाच्या तरी ट्रकची सोय लावली होती. आता तो टीपॉयवर गपगार पडून असायचा. "काय गो, मना कोनीच फोन करीत न्हाय," बाबा आईला म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका लहान झाला की माझ्याच्याने बघवेना.

भाविकला मात्र आनंद मावेना. "संकट! ताई, यावर आम्हाला अख्खा पेपर आहे!"

त्याने तपास हाती घेतला. प्रथम बाबांच्या फोनवर स्वतःच्या फोनवरून फोन लावला. तो वाजला. "फोन जिवंत आहे," गुप्तहेर गंभीरपणे म्हणाले. मग त्याने बाबांना सांगितलं की आता तुम्ही कोणाला तरी लावा. बाबांनी वळच्या चिंधूला लावला. चिंधू म्हणजे गोदामांचा दलाल, बाबांचा जुना दोस्त.

"चिंधू, मी केसरीनाथ बोलतू."

पलीकडून किंकाळी आली. फोन बंद झाला. पुन्हा लावला तर स्विच ऑफ.

"दहशत!" भाविकने चुटकी वाजवली. "काल्हेरच्या कुठल्या तरी प्रतिस्पर्ध्याने त्याला धमकावलंय. आवाजातली थरथर ऐकली?"

"बॅटरी संपली असंल त्याची," आई म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामात एका ट्रक ड्रायव्हरने मी दिलेला चहा दोन्ही हात जोडून परत केला. "मॅडम, हिम्मत रखना. चाय आज कैसे पिएँ?" मला वाटलं, बिचारा गुडघ्याबद्दल बोलतोय. भाविकला वाटलं, चहात विष आहे. आमच्या चहाची बदनामी करायचा हा कट! त्याने थर्मासभर चहा सील केला आणि तपासायला ठाण्याला निघाला. कशेळीला नेहमीचा ट्रॅफिक लागला. आपल्याच बॅनरखाली तो इतका वेळ अडकला की शेवटी पुरावा बिस्किटाबरोबर पिऊन घरी आला. तब्येत ठणठणीत होती. विषाचा सिद्धांत जड मनाने मागे घ्यावा लागला.

मग एका भाडेकरू कंपनीच्या मॅनेजरचा मला मेसेज आला: 'इस कठिन समय में हम आपके साथ हैं. आगे का करार किसके नाम बनेगा?'

"टेकओव्हर," भाविक कुजबुजला. "ताई, कोणीतरी बाबांचा धंदा गिळतंय."

शनिवारी मेघाली मॅडम आल्या. बाबा जेवायला बसले होते. मॅडमना खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि भाविकने प्रतिस्पर्धी, दहशत, टेकओव्हर असं सगळं सांगितलं. चहाचं वगळलं.

"ते असू दे," मॅडम म्हणाल्या. "प्रतिमा उंचावली का?"

भाविकने मुक्या फोनकडे पाहिलं. मी मनातल्या मनात चाव्यांचा निरोप घेतला.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पार्वतीआत्या छाती पिटत आत आली. बाबांची ही बहीण पुण्याला लेकीकडे गेली होती, आज परत येत होती. "दादा रं! मना न सांगता गेलास रं माज्या दादा!"

बाबांच्या हातात सुरमईची तुकडी होती. "कोन गेला गो?"

आत्याचा हुंदका अर्ध्यात अडकला. तिने बाबांकडे पाहिलं, तुकडीकडे पाहिलं, आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला! "मेल्या, जिता हायेस? आनी जेवतोस? मंग कशेलीच्या नाक्यावर तुजा फोटू कोनी लावला? रिक्षावाला बी हात जोडत होता!"

सगळ्यांनी भाविककडे पाहिलं. त्याने मोबाइलवर बॅनरचं डिझाइन काढून पुढे केलं. पांढरी शुभ्र पार्श्वभूमी. मधोमध बाबांचा शांत, काळा-पांढरा फोटो. खाली बारीक अक्षरात: 'केसरीनाथ शेठ. एक विश्वास. एक वारसा. सदैव आमच्यासोबत.'

"मिनिमल आहे," तो म्हणाला. "परदेशातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या..."

"आरं गाढवा," आई शांतपणे म्हणाली, "आपल्याकडं जित्या मानसाच्या बॅनरवर गॉगल असतो. गल्यात चैन असते. कानाला मोबाइल असतो. खाली सगल्या पोरांची तोंडं असतात. ज्याच्या फोटूखाली कोनीच न्हाय तो मेलेला असतो. ह्ये शेंबड्या पोराला बी कलतं."

मॅडमनी सरबताचा पेला ओठांशी धरला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. हसू लपवण्याची ही विद्यापीठीय पद्धत असावी.

आत्याने ओट्यावर उभं राहून दादा जिता असल्याचं जाहीर केलं आणि वळला दोन फोन फिरवले. थोड्याच वेळात टीपॉयवरचा फोन वाजला. चिंधू! बाबांनी स्पीकर लावला. चिंधू आधी रडला, मग हसला, मग शिव्या दिल्या. त्यानंतर फोन थांबेना. कोणी म्हणालं, शेठ, तुमच्यासारखा शब्दाचा पक्का माणूस नव्हता. कोणी म्हणालं, शेठ, इतकं चांगलं बोललो होतो, आता परत घेऊ का? शेवटी भाडेकरू कंपनीचा तो मॅनेजर फोनवर आला.

"शेठजी, हम तो डर गए थे. फिर सोचा, करिष्मा मॅडम हैं, काम नहीं रुकेगा. बस, वो लड़के को मत बिठाना."

बाबा माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आत्ताच त्यांच्या घरात राहायला आले होते. मला रडू आलं. आत्या आणि चिंधूनंतर त्या दिवशी रडणारी मी तिसरी.

"आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात हे कळायला कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात," मेघाली मॅडम म्हणाल्या. "तू एका फ्लेक्समध्ये काढलंस. पास."

"हेच माझं नियोजन होतं," भाविक म्हणाला. पोलादी मन म्हणतात ते हेच.

हात धुऊन बाबांनी कनवटीच्या चाव्या माझ्या ओंजळीत ठेवल्या. "फोन बी तूच घे जा," ते म्हणाले. "लय वाजतो."

भाविक पास झाल्याचा अभिनंदनाचा बॅनर करायचं कामही त्यांनी माझ्यावरच सोपवलं. मी मन लावून केला. कशेळीच्या नाक्यावर, त्याच जागी. पार्श्वभूमी पांढरी, फोटो काळा-पांढरा, खाली कोणीच नाही.

सोमवारपासून भाविकला एकही फोन आलेला नाही. तो तपास करतोय.