अबोल्याचा कंपाउंडर

शमुवेलकाका पाटोळे रस्त्यात भेटले तर "काय, बरं आहे ना?" असं कधी विचारत नसत. सायकलवरून एक पाय जमिनीवर टेकवत, तोंड आपल्या कानाशी आणत आणि विचारत, "सध्या कुणाशी अबोला?"

नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नसे. "नीट आठवा. मेहुणे? चुलते? शाळेत कुणी?" आणि चुकून हो म्हणालात, तर पुढची तपासणी सुरू. "कधीपासून? वाढतोय की उतरतोय? माणूस समोर आला की घशाशी येतं का?" जन्मभर मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर औषधाच्या बाटल्या सुटल्या, पण तपासायची खोड गेली नाही. अबोला हा त्यांच्या मते खोकल्यासारखाच एक आजार होता आणि तो अंगावर काढणाऱ्यांची त्यांना भयंकर चीड यायची.

आम्ही माधवनगरात त्यांच्या शेजारी राहायचो. आमचे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, तेव्हापासून आम्ही उज्जैनचे. मी शाळेत मास्तर. काका मूळचे नगरकडचे, तरुणपणी मिशनबरोबर इकडे आले आणि क्षिप्रेचंच पाणी पीत राहिले. काकू, म्हणजे राहेलबाई, बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नव्हतं. घरात काका, सायकल आणि भिंतीवर काकूंचा एक फोटो. फोटोत काकू हसू दाबून बसलेल्या दिसतात, कारण फोटोवाल्याशीही काकांनी तोच प्रश्न काढला होता.

ह्या चौकशीचं मूळ त्यांच्या मंडळीत होतं. ख्रिस्ती लोक आपल्या समाजाला मंडळी म्हणतात आणि काका चर्चला सरळ देऊळ म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या देवळात प्रभुभोजन असे. एका मेजाभोवती सगळ्यांनी जमायचं, एकाच भाकरीचा तुकडा मोडून खायचा. पण मनात कुणाबद्दल अढी ठेवून त्या मेजापाशी जायचं नाही, आधी समेट करायचा, हा नियम. नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. तो पाळलाच पाहिजे असं वाटणारे मात्र एकटे काका. "आधी बोलणं, मग भाकर," असं म्हणत ते आदल्या शनिवारी सकाळीच सायकल काढायचे आणि गावातले सगळे अबोले वेचून आणायचे.

त्यांचा इलाज ठरलेला होता. भांडलेल्या दोघांना आपल्या ओसरीवरच्या एका बाजेवर बसवायचं. मध्ये एकच कप-बशी, वाफाळता चहा. आणि काका आत निघून जाणार. आता एकानं कपातून प्यायचं, दुसऱ्यानं बशीतून, ह्याला इलाज नाही. पण कप कुणी घ्यायचा? दोघं तोंड फिरवून बसायचे. चहा निवायला लागला की एकजण पुटपुटायचा, "घ्या, तुम्ही घ्या." दुसरा म्हणायचा, "नहीं नहीं, आप लीजिए." आतून काकांचा आवाज यायचा, "उतरला ताप!"

हा इलाज फक्त ख्रिस्ती लोकांसाठी होता असं समजू नका. भैरवगढचे दोन छिपे, कापडावर ठसे छापणारे सख्खे भाऊ, ठशांच्या वाटणीवरून वेगळे झाले होते. काका त्यांनाही घेऊन आले. ते दोघं एवढे हट्टी की चहा पार गार झाला, साय धरली. काकांनी तो काढून दुसरा ठेवला, मग तिसरा. शेवटी धाकटा वैतागून म्हणाला, "भाईजान, पी लो, नहीं तो ये बूढ़ा शक्कर में बरबाद हो जाएगा." त्या दिवसापासून काकांच्या पलंगावर भैरवगढची छापील चादर.

मलाही त्यांनी सोडलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दुबेजींशी माझं मोरीच्या पाण्यावरून वाजलं होतं. काकांनी आम्हाला बाजेवर बसवलं. माझ्या आईचं सोवळं कडक. ख्रिस्त्याच्या घरचा चहा, तोही दुबेजींबरोबर एकाच कप-बशीतून, असं तिला कळलं असतं तर तिनं मला क्षिप्रेत उभं केलं असतं. दुबेजींच्या घरीही तीच तऱ्हा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, गुपचूप चहा प्यायलो आणि "घर पर मत बताना" ह्या एका मुद्द्यावर आमची जी मैत्री जमली ती आजतागायत टिकून आहे.

आता ह्या माणसाची गंमत ऐका. म्हणजे, गंमत म्हणवत नाही. दर पहिल्या रविवारी, सगळ्यांचे अबोले मोडून मंडळी मेजाकडे निघाली की शमुवेलकाका उठून बाहेर जात. सायकलींवर नजर ठेवायला हवी, असं सांगत. आत भाकर मोडली जायची आणि हे झाडाखाली उभे. त्या सायकलींना आजवर कुणी हात लावला नव्हता. काका का बाहेर उभे राहतात हे साऱ्या मंडळीला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्यांचा स्वतःचा एक अबोला होता. मसीहदास बाबूंशी.

बाबू महसूल कचेरीत होते. दुष्काळात आईबाप गेलेलं पोर, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलं. तरुणपणी एकटे राहायचे तेव्हा दोन वेळचं जेवण काकांच्या घरी. राहेलकाकू त्यांना भाऊ मानायच्या. देश स्वतंत्र झाला, परदेशी पाद्रीसाहेब मायदेशी गेले. त्यांच्या काळात उपासना अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत चालायची आणि साहेबांना दोन्ही सारख्याच वाईट येत असल्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. ते गेले आणि मंडळीच्या पंचांच्या सभेत प्रश्न आला, पुढे कुठल्या भाषेत? बाबू म्हणाले, "अब देश अपना है, हिंदी में हो." काका मराठीवर अडून बसले. शब्दानं शब्द वाढला. बाबू म्हणाले, "तो आप अहमदनगर जाकर गाइए." त्यावर काका भर सभेत बोलून गेले, "तुमची भाषा कोणती, हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे!"

बाबू टोपी उचलून निघून गेले. उपासना हिंदीत सुरू झाली, आणि हे दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले. बाबू "जय मसीह की" म्हणत सगळ्यांना भेटायचे, काकांपाशी आले की वहाणेचा अंगठा नीट करायला वाकायचे. काकांनी दोनदा बाजेवर बोलावणं धाडलं. बाबू आले नाहीत. "ह्यात माझं दुखणं उलटं आहे," काका मला म्हणाले होते. "जखम त्यांना झाली आणि सूज मला आली."

असंच चाललं असतं. पण राज्यांची फेररचना झाली, आमचा मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला जायची ठरली आणि कचेऱ्यांमागून माणसं निघाली. बाबूंचीही बदली आली. येणारा पहिला रविवार हा त्यांचा इथला शेवटचा.

शनिवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. अंगात लग्नातला काळा कोट, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"मास्तर, चला. टांगा उभा आहे."

"कुठं?"

"मसीहदासकडे. तो येत नाही तर मी जातो. आज बोलल्याशिवाय परत यायचं नाही, मग संध्याकाळ होवो. तुम्ही दुभाष्या. माझी हिंदी भांडायला पुरते हो, माफी मागायला कमी पडते."

टॉवेलात कप-बशी होती. टांग्यात मी त्यांच्याकडून वाक्य घोकून घेत होतो, "मुझसे भूल हुई, मुझे क्षमा कीजिए." काका 'क्षमा'पर्यंत पोचले की घाबरून पहिल्यापासून सुरू करायचे. टांगेवाल्यालाही ते पाठ झालं. शेवटी तो मागं वळून म्हणाला, "बाबाजी, इतना रटोगे तो वहां जाकर भूल जाओगे. सीधे गले लग जाना." तो मागं वळला आणि टांग्याचं चाक खड्ड्यात गेलं. टॉवेलातून खळ्कन आवाज आला. काकांनी उघडून पाहिलं. बशीचे तुकडे, कपाचा कान गेलेला.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "औषध सांडलं. आता नुसतं तोंड उरलंय. हांको रे, भैया."

बाबूंच्या घरी सामान बांधून झालं होतं. पोती, गुंडाळलेली गादी, खाटेचे सुटे पाय. बाबू एका ट्रंकेवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत आणि वहाणही नीट करता येईना, कारण पाय सुजलेले आणि अनवाणी होते. त्यांच्या पत्नीनं मात्र "आइए भाईसाहब" म्हणून दुसऱ्या ट्रंकेवर चादर टाकली.

काका बसले नाहीत. तोंड उघडलं आणि घोकलेलं सगळं साफ गेलं. ते मराठीतच बोलायला लागले.

"मसीहदास, मी त्या दिवशी बोललो ते पाप होतं. तुमची आई तुम्हाला आठवतसुद्धा नाही, आणि मी भर सभेत तिच्या बोलीवर बोललो. माझी जीभ झडायला हवी होती."

मी हिंदी करायला पुढं झालो. बाबूंनी हातानं थांबवलं. "रहने दीजिए मास्टर साहब. इतनी मराठी समझता हूं. इनके घर रोटी खाई है."

माझं काम संपलं होतं, पण तिथून हलावंसं वाटेना. काका आता ट्रंकेच्या कडेला टेकले.

"तेव्हा मी एवढा का अडलो, ते कुणाला सांगितलं नाही," ते खाली बघत म्हणाले. "राहेल असताना रोज संध्याकाळी मी प्रार्थना म्हणायचो आणि ती आमेन म्हणायची. ती गेल्यावर प्रार्थना करतो, पण शेवटाला येऊन थांबतो. पुढं कुणी काही म्हणतच नाही. देवळात मराठी होती तोवर वाटायचं, सगळ्यांच्या आवाजात तिचाही असेल. ती बंद झाली तेव्हा मला वाटलं, ती पुन्हा गेली. म्हणून तोंड सुटलं, बाबू. तुमच्यावर राग नव्हता."

बाबूंच्या पत्नीनं डोळ्याला पदर लावला. बाबू ट्रंकेच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "दीदी मेरी भी गई थीं. आपने कभी पूछा नहीं."

काकांनी मान वर केली. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकलो."

"कल मेज पर मेरे बाजू में बैठिएगा," बाबू म्हणाले. "और अभी सफर के लिए प्रार्थना कीजिए. मराठी में कीजिए."

"नाही. हिंदीत करणार."

"मैं कह रहा हूं, मराठी में."

"प्रवास तुमचा आहे, हिंदीतच होणार!"

"आप आज भी ज़िद करेंगे?"

दोघंही उभे राहिले होते. आता पुन्हा पंचांची सभा भरते की काय, ह्या भीतीनं मी बाबूंच्या पत्नीकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जो बड़े हैं, वो अपने मन से करें. आप आंखें बंद कीजिए जी." बाबूंनी मुकाट्यानं डोळे मिटले.

काकांनी हिंदीत प्रार्थना केली. तसली हिंदी मी जन्मात ऐकली नाही आणि शाळेत मी ती खपवूनही घेतली नसती. भोपाळच्या घराला पाणी मिळू दे, साहेब चांगला भेटू दे, बाबूंच्या पायाची सूज उतरू दे, आणि ज्या माउलीनं ह्या माणसाला जन्म दिला तिला तू नावानं ओळखतोस, तिला आमचा सलाम सांग, असं सगळं ते अडखळत, मध्येच मराठीत शिरत, पुन्हा हट्टानं हिंदीत येत म्हणत गेले. मग थांबले.

बाबूंकडून आवाज आला नाही. त्यांचे ओठ नुसते हलत होते. काका डोळे मिटून, हात जोडून तसेच उभे. घाई नाही, काही नाही. वर्षानुवर्षं थांबायची सवय झालेला माणूस थांबतो तसे थांबले होते.

"आमेन," बाबू म्हणाले.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "बाबू," ते हळूच म्हणाले, "एक बार और बोलो ना."

बाबूंनी पुन्हा म्हटलं.