बाळकाकांची कॉलची वही

आमच्या शेजारच्या बाळकाकांना चहाला बोलवायचं असेल, तर दोन तास आधी त्यांच्या वहीत लिहावं लागतं. ही वही त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते आणि तिला सुतळीने एक पेन बांधलेलं असतं. बोलावणाऱ्याचं नाव, काम, वेळ, असे रकाने काकांनी स्वतः पट्टी घेऊन आखलेत. शेवटच्या रकान्यात ते 'कॉल मिळाला' म्हणून सही करतात. मग आत जाऊन दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि बरोब्बर दोन तासांनी आमच्या दारात उभे राहतात. आमचं दार त्यांच्या दारापासून अकरा पावलांवर आहे.

काका झाशीच्या रेल्वेत मेल गाड्यांचे ड्रायव्हर होते. त्यांच्या काळी गाडीवर जायच्या दोन तास आधी ऑफिसातून एक माणूस सायकलवर वही घेऊन घरी यायचा. ड्रायव्हरने वहीत सही करायची, म्हणजे त्याला बोलावणं पोचलं. ह्याला म्हणायचं कॉल. निवृत्त होऊन काकांना बारा वर्षं झाली. इंजिन सुटलं, कॉल काही सुटला नाही.

एकदा आईने सदर बाजारातून गरम कचोऱ्या आणल्या आणि भिंतीवरून हाक मारली, "बाळभावजी, या लवकर!" काकांनी घड्याळ पाहिलं, वहीत स्वतःच नोंद केली आणि दोन तासांनी आले. एक कचोरी मोडली आणि म्हणाले, "वहिनी, गार झाल्यात." आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आणखी एकदा आमच्या स्वयंपाकघरात माकड शिरलं. आई किंचाळली तर काका मिनिटभरात काठी घेऊन हजर. माकड पळालं. मग काकांनी घाम पुसला आणि आईला म्हणाले, "आता वहीत लिहा. काम : वानर. वेळ मागची टाका."

अशा माणसाकडे मी माझी नोकरी निवडायचं काम दिलं असेल असं तुम्हाला वाटेल. मी दिलं नव्हतं. त्यांनी घेतलं.

मी पायलट आहे. मोठ्या प्रवासी विमानांवर नव्हे, बड्या लोकांची ती आठ-दहा जणांची जेट विमानं असतात ना, त्यांच्यावर. माझी आधीची कंपनी विमानं विकून मोकळी झाली आणि मी बॅग घेऊन घरी आले. घरी म्हणजे झाशीला, दतिया गेटच्या आत, आमच्या गल्लीत, जिथे प्रत्येक ओट्यावरून "काय बिन्नू, ब्याव कबे कर रईं?" एवढा एकच लग्नाचा प्रश्न येतो. थोड्याच दिवसांत दोन ठिकाणांहून पत्रं आली. एक दिल्लीच्या एका शेठजींचं, त्यांच्या स्वतःच्या जेटसाठी. विमान कोरं करकरीत, समुद्र ओलांडून थेट युरोप गाठणारं. दुसरं नागपूरच्या एका कंपनीचं, जी विमानं भाड्याने देते. दोन जुनी विमानं. आज मंत्री, उद्या पेशंट, परवा लग्नातला नवरदेव. दोघांनाही शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं.

खरं तर माझं ठरलेलं होतं. असलं विमान हातात यायची संधी एकदा हुकली की हुकली. फक्त आईला सांगायचं बाकी होतं. पण बाबा गेल्यापासून आई कुठलाही कागद बाळकाकांना दाखवल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. तिने माझ्या नकळत वहीत लिहिलं : 'मालती वहिनी. नंदूच्या नोकरीचे कागद. सकाळी नऊ.'

काकांनी दोन्ही पत्रं अथपासून इतिपर्यंत वाचली. पाठीमागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"कॉल कितीचा?" त्यांनी विचारलं.

"काका, आमच्यात कॉल नसतो."

"मग ड्रायव्हरला कळतं कसं?"

"फोन येतो. शेठजींकडे फोन आला की अर्ध्या तासात विमानतळावर हजर व्हायचं. घर जवळच देतात."

काकांनी चष्मा काढला. "अर्ध्या तासात पुऱ्या होतात?"

"कोणाच्या पुऱ्या?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "बरं, रनिंग रूम कशी आहे?"

रनिंग रूम म्हणजे गाडी दुसऱ्या टोकाला पोचली की ड्रायव्हरने जेवायची-झोपायची रेल्वेची जागा. मी म्हटलं, आम्हाला पंचतारांकित हॉटेल देतात. काका म्हणाले, "हओ, पण स्वयंपाकी कोण? त्याचं नाव विचारून घे. ज्या रनिंग रूमच्या स्वयंपाक्याचं नाव ड्रायव्हरला माहीत नाही, तिथे माणूस जेवत नाही, नुसता पोट भरतो."

मग त्यांनी कागद घेऊन तक्ता आखला. वर 'शेठ' आणि 'नागपूर'. डावीकडे कॉल, रनिंग रूम, रेस्ट. बस. मी म्हटलं, "काका, विमान कसं आहे ते कुठे लिहायचं?"

"विमान तुझ्या घरी जेवायला येणार आहे का?"

मी उठून गच्चीवर गेले. ह्यापुढे बोलले असते तर वडीलधाऱ्या माणसाशी भांडले असते.

बुधवारी तर कहर झाला. काका रीतसर कॉल घेऊन आमच्याकडे पोहे खायला आले होते. मी आंघोळीला गेले होते आणि माझा फोन बाहेरच्या खोलीत होता. शेठजींकडचे मुख्य पायलट, ज्यांच्या हाताखाली मी काम करणार होते, त्या कॅप्टनसाहेबांचा नेमका तेव्हा फोन आला. तो काकांनी उचलला. न्हाणीघरात मला त्यांचा आवाज ऐकू आला, "हाँ जी, बिटिया नहा रही है. हम चाचा बोल रहे हैं, रेलवे से. पहले ये बताइए, कॉल कितने घंटे का देते हैं?"

माझ्या हातातला तांब्या पडला.

मी ओल्या केसांनी धावत बाहेर आले तर काकांनी हात आडवा धरला, सिग्नलसारखा. "नहीं नहीं, आप पूरा बताइए. हम सुन रहे हैं." मी हातवारे केले, हात जोडले, आईकडे पाहिलं. आई पोह्यांवर खोबरं घालत होती. चाळीस मिनिटं हा प्रकार चालला. काका फक्त "हओ", "फिर?" आणि मधूनच "और घर में खाना?" एवढंच म्हणत होते. शेवटी "खुश रहो बेटा" म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्या होणाऱ्या साहेबांना बेटा!

"काय म्हणाले?" माझा आवाज फाटला होता.

"माझ्याशी बोलले."

"ते कळलं. पण काय?"

"विश्वासाने बोलले. ते तुला सांगायचं नसतं." आणि काका पोहे खायला बसले.

माझं पित्त खवळलं. मी कॅप्टनसाहेबांना माफीचा लांबलचक मेसेज लिहिला. चाचाजी बुजुर्ग आहेत, रेल्वेचे आहेत, मनावर घेऊ नका वगैरे. ही नोकरी गेलीच असं धरून मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ : 'कल चाचाजी से फिर बात हो सकती है?'

गुरुवारी साडेदहाला त्यांचा फोन आला. मी फोन घेऊन अकरा पावलं धावले. काका खिडकीत उभे होते.

"काका, दिल्लीचा फोन आहे. तुमच्यासाठी!"

"कॉल नाही," काका म्हणाले.

"अहो, माणूस लाइनवर आहे!"

"दोन तास. लिहून जा."

मी फोन कानाला लावला आणि आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं वाक्य बोलले, "सर, चाचाजी को दो घंटे पहले बताना पड़ता है." पलीकडे ते हसले, बारीकसं. "ठीक है मैडम. साढ़े बारह लिख दीजिए. दो घंटे पहले मुझे भी कोई बताता तो अच्छा लगता."

मी वही काढली. पेन चालेना. काका रिफिल आणायला आत गेले आणि मी फणफणत मागची पानं उलटायला लागले. ह्या माणसाला असे कॉल येतात तरी किती, ते बघूया म्हटलं.

सोमवार. कॉल नाही. रेस्ट.

मंगळवार. कॉल नाही. रेस्ट.

बुधवार. मालती वहिनी. चहा. पाच वाजता. कॉल मिळाला.

गुरुवार. कॉल नाही. रेस्ट.

पान उलटलं. कॉल नाही. पुढचं पान. कॉल नाही, कॉल नाही, कॉल नाही. प्रत्येक ओळीत काकांचं सुरेख, पट्टीवर चालल्यासारखं अक्षर, आणि प्रत्येक ओळीपुढे सही. मध्येच आईचा एखादा चहा, एक हळदीकुंकवाचा निरोप, ते वानर. आणि मग परत पानभर रेस्ट. मी पहिल्या पानापर्यंत गेले. वही सुरू झाल्याची तारीख काकी गेल्यानंतरच्या पंधरवड्यातली होती. पाच वर्षं मी ह्या वहीवर हसत होते आणि ती कधी सुरू झाली, हे मला ठाऊकच नव्हतं.

काका रिफिल घेऊन बाहेर आले. माझ्या हातातलं पान त्यांनी पाहिलं आणि ते ओशाळले. "रेस्टसुद्धा लिहावी लागते. नियम आहे," असं म्हणून ते पेन उघडायला बसले.

"काका, पुऱ्या कोणाच्या?"

त्यांनी बराच वेळ रिफिल बसवली.

"कॉल आला की तुझी काकी कढई ठेवायची. मी दाढी करायचो. ती पुऱ्या लाटता लाटता सगळं सांगायची. कोण आलं, कोण गेलं, समथरहून तिच्या भावाचं काय पत्र आलं. एरवी मी घरी असलो की झोपलेलाच असायचो, ना. ड्रायव्हरचा संसार काय तो ह्या दोन तासांतच." पेन त्यांनी कागदावर गिरवून पाहिलं. "आता कोणी बोलावलं आणि मी तसाच उठून गेलो, तर चहा पाच मिनिटांत संपतो, बिटिया. दोन तास आधी सांगितलं की दोन तास बरे जातात. कुठेतरी जायचंय म्हणून दाढी करता येते."

मला फार वाईट वाटलं. काकांबद्दल वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. अकरा पावलांवर राहून मी ह्या माणसाची नक्कल मैत्रिणींना करून दाखवत होते. मी वहीत लिहिलं : 'कॅप्टनसाहेब, दिल्ली. बोलायला. साडेबारा.' काकांनी सही केली आणि लगबगीने आत गेले. फोनवर बोलायचं होतं, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

शुक्रवारी सकाळी मीच कॅप्टनसाहेबांना फोन केला. विमानाबद्दल विचारायचे वीस प्रश्न लिहून ठेवले होते. ते बाजूला ठेवले आणि विचारलं, "सर, आपने घर पर आख़िरी बार पूरा खाना कब खाया था?"

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मैडम, हवाई जहाज बहुत अच्छा है," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आप नागपुर ले लीजिए. और चाचाजी का नंबर मेरे पास रहने दीजिए."

मी नागपूरची नोकरी घेतली. ते कोरं विमान अजून डोळ्यासमोर येतं आणि चुटपुट लागते, हे खोटं कशाला सांगू. इथल्या जुन्या विमानाच्या सीटची स्प्रिंग पाठीला टोचते. पण महिन्याचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी हातात पडतं, आणि इथल्या मेसच्या स्वयंपाक्याचं नाव मला माहीत आहे.

आणि काकांचा डोक्याला ताप काही कमी झालेला नाही. वेळापत्रक आलं की त्याचा फोटो मी त्यांना पाठवायचा असा हुकूम आहे. ते कागदावर उतरवून ते लाल पेनाने रेस्टचे तास मोजतात आणि कमी भरले तर माझ्या कंपनीला पत्र लिहायची धमकी देतात. गेल्या बुधवारी असाच फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"काका, रविवारी घरी येतेय. दुपारी तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं. मी पुऱ्या करणार आहे."

"रविवारी?" काका म्हणाले. "आज वार कोणता?"

"बुधवार. चार दिवस आहेत."

"चार दिवस आधी सांगतेस?" पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "काका?"

"एवढा मोठा कॉल मला कोणी दिला नव्हता, बिटिया," ते म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. काका त्याच दुपारी सदर बाजारात जाऊन शर्ट इस्त्रीला टाकून आले होते. आईने येता-जाता वहीत डोकावून पाहिलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, चारही ओळी त्यांनी आधीच भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक ओळीत लिहिलं होतं, 'कॉल आहे.'