शिव्यांचे वाघचौरे, शाबासकीचे साळवे

सामना जिंकला की आम्ही पळून जायचो.

हे वाचून तुम्हाला वाटेल, माझं काहीतरी उलटसुलट झालंय. तसं नाही. हरलो की आम्ही निवांत बसायचो. गुडघ्याची माती झाडायचो, पाणी प्यायचो, एकमेकांना दोष द्यायचो. जिंकलो की मात्र चपला हातात घेऊन दिसेल त्या वाटेने सुटायचो. कारण जिंकल्यावर वाघचौरे मास्तर बोलायचे.

हरल्यावर ते अवाक्षर काढत नसत. चंची सोडायची, सुपारी कातरायची आणि सातही जणांच्या हातावर एकेक खांड ठेवायचं, बस्स. जिंकल्यावर मात्र ओळीने उभं करायचे. कुणाचा पाय कुठे चुकला, कुणाचा दम कधी तुटला, कोण मध्यरेषेवर पाहुण्यासारखा उभा राहिला, याचा पाढा सुरू व्हायचा. एकदा चौदा गुणांनी जिंकलो होतो. त्या दिवशी पंचदेखील ऐकत थांबले, आणि शेवटी आपल्यालाही चार शब्द बसणार असं दिसल्यावर सायकलवर टांग टाकून निघून गेले.

श्रीगोंद्याच्या बाजूला आमचा साखर कारखाना. मास्तर तिथे वजनकाट्यावर कारकून. उसाची गाडी काट्यावर यायची, मास्तर चष्म्यातून बघायचे आणि काटा हलायच्या आत वजन सांगायचे. संध्याकाळी ते कारखान्याच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. आम्ही नऊ-दहा जण खेळाडू म्हणूनच भरती झालेलो. दिवसा कुणी बॉयलरवर, कुणी गोदामात, मी टाइम ऑफिसात हजेरीवर, आणि पाच वाजले की सगळे मैदानात. मास्तर आम्हाला खात्याच्या नावानेच हाका मारायचे. "ए टाइम ऑफिस, कोपरा सोडू नको." "ए गोदाम, दार उघडं टाकलंस का?"

अंगाने मास्तर वाळल्या तुरकाठीसारखे. पण आवाज असा, की मैदानाशेजारच्या बाभळीवरची पाखरं पाच वाजायच्या आधीच दुसरीकडे जाऊन बसायची. खराब चढाई करून परत आलेल्याला ते म्हणायचे, "रस गेला, चिपाड आलं." माझा खेळ डाव्या कोपऱ्यातला, म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा. माझी पकड सुटली की एकच वाक्य: "पाय धरायचा असतो. पाया पडायचं न्हाई."

माझ्या लग्नाला आले होते. मांडवात सगळ्यांच्या मागे उभे. अक्षता पडल्या, माळ घालून झाली, मी पाया पडायला गेलो, तर कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हार घालताना डावा खांदा पडला. कोपऱ्यातबी तसाच पडतो."

बायकोने विचारलं, "कोण हो हे? रागावलेत का?"

म्हटलं, "नाही. आज खूश आहेत."

हे असं मला मानवायचं. शिवी बसली की माझ्या अंगात वीज खेळायची. पण बॉयलरवरच्या ईश्वरला ते मानवत नसे. सहा फुटांचा गडी, अंगाने रेडा आणि मनाने मोगरा. नुसत्या सरावात तो एका दमात चौघांना शिवून यायचा. पण सामन्यात मास्तरांचा आवाज आला, की याचे पाय जड व्हायचे. रेषेला पाय लावायचा आणि घरी यायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं. मास्तर ओरडायचे, ईश्वर आकसायचा. ईश्वर आकसला की मास्तर आणखी ओरडायचे.

मग तो दुष्काळ आला. शेतात ऊस नाही, कारखान्याचा हंगाम महिनाभर आधीच संपला. मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, की यंदा नगरच्या स्पर्धेत संघ पहिला आला तर राहील, नाहीतर मोडायचा. मैदानात भाजी लावू म्हणाले. पाणी कुठून आणणार, ते बोलले नाहीत. संघ मोडला तर खेळाडू म्हणून घेतलेल्यांचं काय, तेही बोलले नाहीत. आम्ही मात्र ओळखलं. एवढं सांगून साहेबांनी एक नवी असामी आणली.

साळवे सर. नगरच्या एका शाळेत कवायतीचे मास्तर. पंजाबात जाऊन वर्षभराचा प्रशिक्षणाचा कोर्स करून आलेले, आणि आता शाळेतून रजा घेऊन आमच्यासाठी आलेले. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावा लागे. आम्हाला "अहो" म्हणायचे. आयुष्यात लंगोट लावलेल्या अवस्थेत आम्हाला कुणी "अहो" म्हटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, "खेळताना तुम्हाला भीती कशाची वाटते?"

कुणी म्हणालं गुडघ्याची, कुणी म्हणालं दम तुटण्याची. ईश्वरने खाली मान घालून सांगितलं, "मास्तरांची."

मास्तर बरोबर त्याच्या पाठीमागे उभे होते. मास्तरांनी खाकरून घसा मोकळा केला आणि म्हणाले, "मंग शिकवलेलं ध्यानात हाय म्हणायचं."

साळवे सरांचा आवडता शब्द "सुंदर". चढाई जमली तर सुंदर. नाही जमली तर सुंदर प्रयत्न. एकदा मी पाय घसरून तोंडावर आपटलो, तेव्हा ते धावत आले, माझं नाक तपासलं आणि म्हणाले, "पण झेप सुंदर होती."

महिन्याभरात ईश्वर ओळखू येईना. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे आणि तो हसत मध्यरेषा ओलांडायचा. येताना दोन-तीन जणांना बाद करून यायचा. आणि मी? मी कौतुकावर पोसलो. पकड सुटली तरी सुंदर, धरली तरी सुंदर, मग धरायची कशाला? माझा डावा कोपरा म्हणजे धर्मशाळा झाला.

मास्तरांना साहेबांनी "सहायक" केलं, मैदानाकडेला एक स्टूल दिलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. मास्तर रोज पाचला यायचे, स्टूल उलटं फिरवायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मैदान बघायचं नाही म्हणजे नाही. पण माझी पकड सुटली की त्यांची पाठ दचकायची. न बघता कसं कळायचं कोण जाणे. बहुतेक आवाजावरून.

नगरची स्पर्धा उन्हाळ्यात झाली. पडत-झडत, बरंचसं ईश्वरच्या जोरावर, आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर शहरातला नावाजलेला संघ. पहिल्या डावात त्यांनी आमच्यावर लोण चढवला, म्हणजे आमचे सातही जण बाद केले. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे. त्यातले निम्मे माझ्या कोपऱ्यातून गेलेले. ईश्वरही शेवटच्या दोन चढायांत पकडला गेला होता आणि गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

साळवे सर माझ्याजवळ आले. माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या माणसाला पहिल्यांदाच "सुंदर" म्हणवेना. ते वळले आणि तडक प्रेक्षकांत घुसले. तिसऱ्या रांगेत मास्तर बसले होते.

"मास्तर, या टाइम ऑफिसला माझं बोलणं लागत नाही. तुम्ही बोला."

"मला साहेबांनी गप बसायला सांगितलंय."

"साहेब चहाला गेलेत."

मास्तर उठले.

पुढच्या चार मिनिटांत ते जे बोलले, ते सगळं छापता येणार नाही. छापण्याजोगं एवढंच, की "तुज्या कोपऱ्यातनं आख्खं नगर येऊन गेलं, आता त्यांच्या म्हाताऱ्या तेवढ्या ऱ्हायल्यात. त्या आल्यावर तरी धरशील का त्यांनाबी वाट दावशील?" माझे कान तापले, मांड्यांत रक्त आलं. तीन महिन्यांनी घरी आल्यासारखं वाटलं.

मग मास्तर ईश्वरकडे वळले. ईश्वरने मान आणखी खाली घातली. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि थांबले.

साळवे सरांना म्हणाले, "ह्याला तुमी बोला. माज्या आवाजानं ह्यो वाळतो."

सरांनी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"सहा वर्सं बघतोय की."

"मग, मास्तर, सहा वर्षं ओरडलात का?"

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "मला दुसरं येतंय कुठं," म्हणाले आणि पाण्याच्या माठाकडे निघून गेले.

सर ईश्वरच्या शेजारी मातीत बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या डावात मी पाच पकडी केल्या, त्यांतल्या तीन समोरच्यांच्या सगळ्यात तगड्या गड्याच्या. ईश्वरने एका चढाईत तिघांना बाद केलं, लोण परत फिरवला, आणि दोन गुणांनी आम्ही सामना घेतला. लोकांनी ईश्वरला खांद्यावर घेतलं. मी सवयीने चपला शोधल्या. पण पळणार कुठे? परत जायला कारखान्याचा एकच ट्रक, आणि मास्तर आधीच त्यात जाऊन बसले होते.

मांडवगण येईपर्यंत नुसता पहिल्या डावाचा पाढा झाला. श्रीगोंद्यापर्यंत दुसऱ्याचा. साळवे सर मास्तरांच्या शेजारी फळीवर बसून सगळं ऐकत होते. शेवटी मास्तरांचा घसा बसला, तेव्हा सर म्हणाले, "सुंदर." मास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की आता सरांचाही डाव निघतो की काय असं वाटलं. पण त्यांनी चंची सोडली आणि सुपारीचं खांड सरांपुढे धरलं.

संघ राहिला. पुढचे दोन महिने दोघांनी मिळून चालवला. मला आणि गोदामाला मास्तर, ईश्वर आणि बाकीच्यांना सर, अशी वाटणी होती. मग सरांची रजा संपली आणि ते नगरला परत गेले. एस.टी.वर पोचवायला आम्ही सगळे गेलो. मास्तर आले नाहीत. काट्यावर गाडी आहे, असा निरोप त्यांनी धाडला. हंगाम बंद होता, काट्यावर गाडी कुठली असणार?

त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, मास्तर टाइम ऑफिसात आले. मी डबा आवरत होतो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि टेबलावर एक कोरं अंतर्देशीय पत्र ठेवलं.

"तुजं अक्षर बरं हाय."

मी दचकून उभा राहिलो. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'बरं' ऐकत होतो.

"बरं म्हंजी, वाचता येतं," मास्तर म्हणाले. "बस. मी सांगतो तसं लिही."

पत्र मुलाला होतं. मास्तरांना मुलगा आहे हे आम्ही जुन्या लोकांकडून ऐकून होतो. बायको लवकर गेली, पोराला यांनीच वाढवलं, आमच्याच मैदानावर पहाटे उठवून खेळायला शिकवलं. रघुनाथ त्याचं नाव. चांगला खेळायचा म्हणतात. मग कऱ्हाडला नोकरी धरली, आणि पाच वर्षांत एकदा कधीतरी येऊन गेला. आता त्याचं चार ओळींचं कार्ड आलं होतं, मुलगी झाल्याचं.

मास्तर सांगू लागले. "चिरंजीव रघुनाथ यास. कार्ड पोचलं. पत्ता अर्धा लिहिलास, पोस्टमनला तरास झाला. मुलगी झाली ते कळलं. वजन लिहिलं न्हाईस."

मी लिहीत होतो.

"तिला उचलताना मानेखाली हात धर. गडबड करू नको. तुला घाई लई."

"पुढे?"

मास्तर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. मी टाक दौतीत बुडवला, काढला, परत बुडवला.

"साळवे सर असते तर त्यांना इचारलं असतं," ते म्हणाले. "ते पोरांशी बोलायचे तसं काय तरी लिही. तीन-चार वळी. मी भाईर थांबतो."

आणि खरंच बाहेर जाऊन उभे राहिले. खिडकीतून त्यांचा फक्त खांदा दिसत होता. मी एवढा सरांच्या हाताखाली तीन महिने खेळलेला, पण एक वाक्य सुचेना. "सुंदर" लिहावं तर तो शब्द मास्तरांच्या तोंडी शोभणार नाही. शेवटी जे सुचलं ते लिहिलं आणि हाक मारली.

मास्तर आत आले, पण बसले नाहीत. "वाच."

मी वाचलं. "रघू, तू चांगला खेळायचास. मला कधी बोलता आलं नाही. बाळाला घेऊन ये. मी वाट बघतो."

मास्तरांनी वळून दार पुन्हा लोटून घेतलं.

"जास्त झालं का?" मी विचारलं. "एखादं वाक्य खोडू?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि कागदावर वाकून ती ओळ बोटाने शोधली.

"खोडू नको," म्हणाले. "ते 'चांगला' हाय न्हवं, त्याच्या आधी 'लई' घाल."