तीनशे बारा नंबरची खुर्ची

मी ती खुर्ची घरातून उचलली तेव्हा ही माहेरी गेलेली होती. एवढं सांगितलं की लग्न झालेल्या वाचकांना निम्मी गोष्ट कळून चुकेल. उरलेली निम्मी मी सांगतो.

त्या वर्षी मी हंगामी रक्षक झालो होतो. (रक्षक म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो रुबाबदार गडी उभा राहतो, तो मी नव्हे. माझा गणवेश आधीच्या रक्षकाचा होता आणि तो माणूस माझ्यापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा होता.) माझं जुनं ऑफिस बंद पडलं होतं. त्यात माझा फारसा हात नव्हता. शहराच्या टोकाला एक ऐतिहासिक उद्यान आहे. तिथं थोराड झाडं आहेत, एक तळं आहे आणि तळ्याकाठी दीडशे वर्षांचं दुमजली घर आहे. मूळ मालकाचा वंश संपला आणि घर सरकारी खात्याकडे आलं. वर्षातले चार महिने तिथं बघ्यांची गर्दी असते, तेवढ्यापुरती खातं जादा माणसं घेतं. त्या जादा माणसांतला मी एक.

घरी पंखा पुसायला सांगितला की माझी पाठ धरते. इथं मात्र मी रोज सकाळी गुडघे टेकून दगडी पायऱ्यांवरचं शेवाळ लाकडी पट्टीनं खरवडायचो (लोखंड लावायचं नाही, दगडाला चरे पडतात), बिजागऱ्यांना तेल द्यायचो, पन्हळीतली पानं काढायचो, आणि मला ते आवडायचं. ही गोष्ट मी घरी कळू दिली नाही.

पहिल्याच दिवशी मुख्य रक्षकांनी मला बजावलं होतं, "इथली वस्तू हलवायची नाही. पडली तरी उचलायची नाही, आधी वहीत लिहायचं. आणि घरची कुठलीही वस्तू इथं आणायची नाही." शेवटचं वाक्य त्यांनी उच्चारलं तेव्हा खिडकीबाहेर एक बगळा तळ्यावर उतरत होता. त्यामुळे ते माझ्या कानावर पडलं, पण आत पोचलं नाही.

माझी नेमणूक वरच्या मजल्यावर होती. तिथं एक लांब दालन आहे आणि त्याच्या टोकाला तळ्याकडे उघडणारी खिडकी. सकाळी तळ्यावर धुकं असायचं. ते हळूहळू सुटायचं आणि पलीकडची झाडं एकेक करून परत यायची. खिडकीच्या काचा जुन्या, जराशा वाकड्या, त्यातून बाहेरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. दुपारी ऊन जमिनीच्या फळ्यांवरून सरकत यायचं आणि माझ्या बुटांपाशी थांबायचं. मला वाटायचं, या घरातली माणसं गेलेलीच नाहीत, नुसती शेजारच्या खोलीत आहेत, येतील इतक्यात. तिथं मी खरोखर सुखी होतो. अडचण एकच, ते सुख आठ तास उभ्यानं घ्यावं लागे. दालनात खुर्च्या होत्या चौदा, पण त्या ऐतिहासिक. त्यांच्यावर बसायची परवानगी फक्त धुळीला होती, आणि तीही आम्ही रोज पुसून काढत होतो.

त्यात ही आठ दिवसांसाठी माहेरी गेली, वडिलांना घेऊन यायला. सोमवारी सकाळी एकट्यानं चहा पिताना माझी नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली.

त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. माझे सासरे सुतार. आमच्या लग्नात त्यांनी ती स्वतःच्या हातांनी केली, एका जुन्या दाराचं लाकूड वापरून, एकही खिळा न मारता. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. म्हणजे ती त्यांची शेवटची वस्तू. वर्षातून एकदा ते आमच्याकडे यायचे, आधी तिच्यावर बसायचे आणि मग आमची खुशाली विचारायचे. हे सगळं मला माहीत होतं. पण शनिवारच्या आत परत आणून ठेवू, असा माझा हिशेब होता. सायकलच्या कॅरिअरला बांधून मी खुर्ची नेली आणि खिडकीपाशी मांडली.

सोमवार आणि मंगळवार हे माझ्या आयुष्यातले उत्तम दिवस. मी बसलो. तळं बघितलं. बघ्यांची चाहूल लागली की उठायचो, ते गेले की परत बसायचो. बुधवारी दुपारी मी झाडाखाली डबा खाल्ला आणि तिथंच जरा डोळा लागला. वर परत आलो तर माझ्या खुर्चीभोवती लाल दोरी.

दोरीच्या आत गुडघ्यांवर बसून एक बाई भिंगातून खुर्चीचा पाय न्याहाळत होत्या. त्या खात्याच्या नोंदणी अधिकारी होत्या. तीन वर्षांतून एकदा येऊन त्या घरातली प्रत्येक वस्तू मोजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल. बगळा असेल.)

"बाई, ही खुर्ची..."

"सुंदर आहे ना?"

"हो, पण ती..."

"मागच्या दोन्ही मोजण्यांत सुटली होती. खिडकीशी ढळढळीत ठेवलेली वस्तू कुणाला दिसू नये, म्हणजे इथं काय कामं होत असतील ते बघा."

त्यांच्या मागे मुख्य रक्षक मान खाली घालून उभे होते. मागच्या दोन्ही मोजण्या त्यांनीच करून घेतल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं पुढचं वाक्य घशातच राहिलं. बाईंनी खुर्चीला पितळी बिल्ला ठोकला, तीनशे बारा. शेजारी पाटी लावली. "बैठकीची खुर्ची. मूळ मालकांच्या नित्य वापरातील. आसन डावीकडे झिजलेले, मालक डावीकडे कलून बसत असावेत. उजव्या हातावर पेल्याचे वर्तुळ."

डावीकडे कलून मी बसतो. वर्तुळ माझ्या चहाच्या कपाचं होतं. त्यावरून घरी दोन दिवस अबोला झाला होता.

गुरुवारी बघे येऊन विचारू लागले आणि मला त्या खुर्चीची माहिती सांगावी लागली. पहिल्या घोळक्याला मी पाटी वाचून दाखवली. दुसऱ्याला सांगितलं की मालक इथं बसून तळं बघायचे. तिसऱ्या घोळक्यापर्यंत मालकांची बायको परगावी गेलेली होती आणि ते रोज धुकं सुटायची वाट बघत होते, कारण ती नावेतून परत येणार होती. एक आजी डोळे पुसायला लागल्या. मी खोटं बोलतोय असं मला मुळीच वाटत नव्हतं. मला ती नाव दिसत होती.

शुक्रवारी मी भानावर आलो. मुख्य रक्षकांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं.

"बिल्ला काढायचा म्हणजे समिती बसावी लागते," ते म्हणाले. "ती बसली की तीन वर्षं उठत नाही."

"दुसरा मार्ग?"

"एकच. बनवणाऱ्यानं स्वतः बाईंपुढे येऊन सांगायचं, की ही मी बनवली. बाई रविवारी दुपारपर्यंत इथं आहेत. पण कागदोपत्री तो सुतार दीडशे वर्षांपूर्वीचा, तो कुठून आणणार?"

"शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येतोय," मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी दोघं आली. सासऱ्यांनी पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि सवयीनं कोपऱ्याकडे गेले. तिथं जमिनीवर चार फिकट चौकोन होते.

"खुर्ची कुठाय?" हिनं विचारलं.

"सुरक्षित आहे."

"म्हणजे कुठं?"

"सरकारकडे."

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ही चिडेल. ती चिडली नाही, हेच वाईट झालं. ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्यांच्या हातचं आपल्याकडे तेवढंच होतं हो. आता ते नवं काही बनवू शकणार आहेत का?" मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी न सांगता पंखा पुसला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं उद्यानात गेलो. धुकं अजून पुरतं सुटलेलं नव्हतं. सासरे वर आले आणि दोरीपाशी थांबले. आधीच आलेली सात-आठ माणसं खुर्चीकडे बघत होती, हळू आवाजात बोलत होती. सासऱ्यांनीही आवाज खाली आणला.

"हात लावू का?"

"असा नाही," म्हणत बाईंनी त्यांना पांढरे हातमोजे दिले. थरथरत्या हातांत ते चढेनात, तेव्हा हिनं चढवले. सासरे दोरीच्या आत गेले आणि स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवरून मोज्यातली बोटं फिरवू लागले.

बाईंना राहवेना. "हे जोड बघा, आजोबा. एक खिळा नाही. पाय किंचित बाहेर झुकवलेत, शंभर वर्षं बसलं तरी डुगडुगणार नाही. असं काम करणारे हात आता राहिले नाहीत."

"नाहीत खरं," सासरे म्हणाले.

"हे तुमचे जावई म्हणतात, खुर्ची तुम्ही केलीत. केलीत का?"

सासऱ्यांनी पितळी बिल्ला बघितला, दोरी बघितली, पाटीवरचा मजकूर सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून त्यांना धीर दिला.

"मी?" ते म्हणाले. "छे. इतकं चांगलं काम मला कुठलं जमायला? ही जुनीच आहे. दीडशे वर्षं तर सहज."

हिनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी समाधानानं वहीत काहीतरी लिहिलं. मुख्य रक्षक खिडकीबाहेर बघायला लागले.

आम्ही तिघं तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसलो.

"बाबा, असं का म्हणालात?" हिनं विचारलं.

"तुमच्याकडे होती तेव्हा तुम्ही तिच्यावर ओले टॉवेल टाकत होतात," ते म्हणाले. "इथं तिला बघताना लोक आवाज खाली आणतात." थोडा वेळ त्यांनी तळ्याकडे बघितलं. "मोजे घालून हात लावू दिला त्यांनी. आयुष्यभर काम केलं, असा मान कधी कुणी दिला नव्हता ग."

हिनं त्यांचा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते, माझेही. खुर्ची गेली ती गेली, पण म्हातारा सुखावला होता, ही निवळली होती आणि मी काहीही न करता सुटलो होतो. धुकं सुटलं आणि पलीकडची झाडं एकेक करून दिसायला लागली. मला वाटलं, इतका चांगला शेवट आपल्याला एरवी साधत नाही.

मंगळवारी हिनं धुवायला टाकताना माझ्या गणवेशाचा खिसा उलटा केला. त्यात बाईंनी जाताना माझ्या नावानं दिलेला कागद होता. मी तो न उघडताच ठेवला होता, कारण मला वाटलं, उत्कृष्ट माहिती सांगितल्याबद्दलचं प्रशस्तिपत्रक असणार, सावकाश वाचू. हिनं तो मोठ्यानं वाचला.

"वरच्या मजल्यावरील हंगामी रक्षकांस खात्याच्या वस्तू स्वतःच्या घरच्या आहेत असा भास होतो. वयस्कर नातेवाइकांनीही तो स्पष्टपणे नाकारला आहे. सदर इसम जागेपणी स्वप्ने पाहतात. त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे."

तिनं कागद परत एकदा मनात वाचला, नीट घडी केली आणि कपाटात, आमच्या लग्नाच्या दाखल्याच्या पाकिटात ठेवला.

"तो कशाला जपून ठेवतेस?" मी विचारलं.

"सोळा वर्षं मी हेच सांगतेय," ती म्हणाली, "पण सही-शिक्क्यानिशी आज मिळालं."