पट्ट्यात बसणारा दंड

जिते गावच्या समाजमंदिरात साठीपुढच्या अकरा बायका, दोन-दोन किलोची बावीस डंबेल्स, रक्तदाब मोजायचं एक यंत्र आणि दंडाला गुंडाळायचे त्याचे दोन पट्टे होते. लहान पट्टा वापरात होता. मोठ्याचं प्लास्टिक अजून फोडलेलं नव्हतं.

ही मोजदाद कौमुदीची. एम.एस्सी. होऊन तिला मिळालेलं हे पहिलंच काम : वजनं उचलून म्हाताऱ्या बायकांचा रक्तदाब उतरतो का, ते पाहायचं. सहा महिन्यांत त्यांतल्या पुतळीबाईंचा दंड सत्तावीस सेंटिमीटरवरून चौतीसवर गेला आणि रक्तदाब एकशे अडतीसवरून एकशे चौसष्टवर.

"गो पोरी, उतरनार व्हता ना?" पुतळीबाईंनी विचारलं. त्यांना मोतीबिंदू होता. तांदळातला खडा दिसेनासा झाला होता. रोह्याच्या नेत्रशिबिरात ऑपरेशनसाठी नाव लागलं होतं, पण दाब दीडशेच्या वर असला तर तिथे आत घेत नसत आणि आकडा कौमुदीचाच धरत.

कौमुदीला कारण तत्काळ उमगलं. दंड जाड आणि पट्टा अपुरा असला की आकडा उगाच चढतो. तिने फळ्यावर आकृती काढून ते समजावलं.

"मंग तो मोठा काढ की," शेजारची हौसा म्हणाली.

"नाही काढता येणार. पहिल्यापासून लहानानेच मोजलंय. मधेच साधन बदललं तर आधीचे आकडे तुलनेला उरत नाहीत."

पेणला तिचे साहेब होते, हैबतराव. तिने त्यांना फोन केला. "मोठा आज काढला, तर इतके दिवस का नाही काढला, हेही सांगावं लागेल," ते म्हणाले. "तुमची भूमिका शास्त्रीय आहे."

शास्त्रीय म्हटलं की कौमुदीला बरं वाटे. खरा दाब बहुधा उतरलेलाही असेल. पण तो मोजलेला नव्हता. पट्टा बदलायचा नव्हता, पद्धत बदलायची नव्हती. उरला दंड.

त्या दिवसापासून पुतळीबाईंना हंडा, पाटा, डंबेल सगळं बंद.

"सासुरवाडीला आलेल्या जावयावानी बसवलीस मला," त्या म्हणाल्या. हंडे आता सून आणत होती.

कौमुदी दर आठवड्याला टेप घेऊन येई.

"उतरला काय गो?"

"अर्धा सेंटिमीटर."

"तवर डोला थांबंल ना?"

"डोळा माझ्या अभ्यासात नाही, आजी."

तरीही तिला वाईट वाटे. एकदा तिने मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर आणून दिलं. पुतळीबाईंनी ते हाताने चाचपून भिंतीला लावलं, उलटं.

शिबिर येऊन गेलं. पुढचं वर्षाने होतं. कौमुदीने प्रयोग अर्धवट सोडला नाही. शेवटच्या दिवशी तिने लहान पट्टा गुंडाळला. तो नीट बसला. मग, अभ्यासाबाहेर जाऊन, त्यांच्या डोळ्यांपुढे एक फुटावर तीन बोटं धरली.

"किती, आजी?"

"कोन, हौसा काय गो?"

दंड : सत्तावीस सेंटिमीटर. रक्तदाब : एकशे अडतीस. एक फुटावरची बोटं : मोजता आली नाहीत.