तांबड्या रेघेखालचं पाणी

आमचे शेजारी किसनभावजी सकाळी देवाला हात जोडायच्या आधी हौदात पट्टी सोडतात. टोकाला वजन बांधलेली लोखंडी पट्टी, हळूच, तळाला टेकेपर्यंत. वर काढून ओल कुठवर आली ते बघतात, भिंतीवर खडूने आकडा लिहितात आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून विचारतात, "वहिनी, कालच्यापरीस दीड इंच कमी हाय. कुठं गेलं?"

"तुमच्या दादांच्या अंघोळीला गेलं," मी आतूनच सांगते.

"असू द्या. ठावं असलेलं बरं."

हौद दोघांचा आहे. लासुर्ण्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. बांधताना जमिनीखाली दोघांत मिळून एकच हौद केला. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, ते त्यात साठवायचं. बाकीची माणसं हौद बांधतात आणि विसरतात. भावजींना ते जमत नाही, कारण त्यांची सगळी नोकरी नौदलाच्या तेलाच्या टाक्यांवर झाली. कुठल्या तळावर, ते अजून सांगत नाहीत. "समुद्राकडंला," एवढंच. डोंगराच्या पोटात टाक्या; एकेकीत आपलं देऊळ सभामंडपासकट मावेल. वरून गवत आणि करवंदीच्या जाळ्या. विमानातून बघणाऱ्याला करवंदं दिसावीत, तेल दिसू नये. आतून नळ थेट धक्क्यापर्यंत. हुकूम आला की जहाजं तेल पिऊन निघाली.

मी नवी नवरी होते तेव्हा ते सुटीवर आले होते. मी नायलॉनची साडी नेसून चहा घेऊन गेले. त्या साडीचा मला केवढा तोरा; गावात अशी एकच आहे, हे मीच दारोदार सांगत फिरायची. भावजी मला बघून दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "वहिनी, ही साडी नेसून तुमी आमच्या टाकीवर आला तर आग लागंल."

मी लाजून लाल. चार दिवस आरशासमोरून हलले नाही. पाचव्या दिवशी आमच्या यजमानांनी सांगितलं, की नायलॉन घासलं की ठिणगी पडते, म्हणून तिथं नायलॉनला बंदीच असते. त्या आरशाचं मला अजून नवल वाटतं. तडकला कसा नाही?

नोकरी संपली, मागाहून बायको गेली, पण भावजींची धास्ती काही गेली नाही. हौदापाशी मोबाइल आणायचा नाही. "अहो, पाणी हाय ते," मी म्हणते. "सवय मोडली की अपघात," ते म्हणतात. हौदातलं कमी झालं तर त्यांना काळजी, आणि वाढलं तर दुप्पट काळजी. "तेल कमी झालं तर गळती, ती सापडती. पण न भरता वाढलं तर समजायचं, आत पाणी शिरलं. ते इंजिनात गेलं की जहाज भर दर्यात बंद."

आणि हौदाच्या आत, तळापासून हातभरावर, एक तांबडी रेघ. "ह्याच्या खालचं राखीव. टाकीतबी असंच असतं. ते लढाईचं. वरनं हुकूम आल्याबिगर थेंब न्हाय."

यंदा घटस्थापना तोंडावर आली आणि गावच्या नळाची मोटर जळली. पाणी उतरत उतरत रेघेला टेकलं. माझ्या अकरा गोधड्या ओसरीवर पडलेल्या. मी बादली आणि दोर घेऊन हौदाशी गेले, तर भावजी झाकणावर बसलेले.

"उठा. गोधड्या धुवायच्यात."

"रेघ आली, वहिनी."

"आपल्या हौदावर कुणाची लढाई येणार हाय? उठा म्हणते."

ते उठले नाहीत. हात पट्टीवरच. त्यांचा मुलगा महेश नौदलाच्या जहाजावर आहे. नऊ दिवस त्याचा फोन नव्हता, आणि टीव्हीवर सारखा समुद्र दाखवत होते. भावजी दिवसातून पाच-पाच वेळा पट्टी सोडू लागले होते, ते मी खिडकीतून बघत होते. बघून हसतही होते, खोटं कशाला बोलू.

"टाकीवर असताना मला सगळ्यांच्या आधी कळायचं," ते म्हणाले. "सकाळी तेल एकदम उतरलेलं दिसलं की समजायचं, जहाजं लांब गेली. वसाहतीतल्या बायका विचारायच्या, भाऊ, आमचं माणूस कवा येणार? ठावं असून मी 'म्हाईत न्हाय' म्हणून मान हलवायचो. आता मीच त्या बायकांत उभा हाय."

मी बादली खाली ठेवली.

"जहाजावर गोडं पाणी मोजून देत्यात. दोन मग्यांत अंघोळ. पोरगं घरी आलं की चपला काढायच्या आधी म्हणतं, आबा, बंब पेटवा. तासभर पाणी घेतं अंगावर. ते येईल तवा हौद कोरडा नको. हुकूम त्येचाच हाय."

तोंडाळ बाई गप्प बसली की घरात सगळे घाबरतात, म्हणून गोधड्या उचलून आत गेले.

दुपारी भावजींचा घरात डोळा लागल्यावर माझ्या पिंपातलं पाणी हंड्यांनी हौदात ओतलं. चार हंडे. गुडघ्यांनी मला शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

चार वाजता पट्टी खाली गेली, वर आली, आणि भावजींचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, अर्धा इंच वाढलं. नळ बंद हाय. आत काय शिरलं?"

त्यांनी ओंजळभर पाणी काढून हुंगलं, चाखलं. मग त्यांची नजर माझ्या ओसरीवर पालथ्या घातलेल्या हंड्यांवर गेली, तिथून माझ्या ओल्या पदरावर आली. त्यांनी खडू उचलला.

"तेल आलं की कुठल्या जहाजानं आणलं, त्ये लिवायला लागतं," ते म्हणाले. "हितं नाव काय टाकू?"

"टाका, नायलॉनची साडी."

त्यांनी खरंच तसं लिहिलं, नीट वळणदार अक्षरात. मग घरात जाऊन मोबाइल घेऊन आले आणि हौदाच्या झाकणावर, अगदी मधोमध ठेवला. एका बाजूला ते बसले, एका बाजूला मी.