एक बोट जागा

"चाकांचं माझ्यावर सोडा!" असं मी अख्ख्या गावासमोर छातीठोकपणे म्हणालो होतो. ओग्न्येनचं, म्हणजे आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरलं होतं आणि नवी सून चर्चला जाणार होती ती आमच्या फिचामधूनच. फिचा म्हणजे माझ्या वडिलांची गाडी. इवलीशी, इंजिन मागे आणि डिकी पुढे. सर्बियात एके काळी ही घरोघरी असायची. माझी बायको डोब्रिलासुद्धा नवरी होऊन हिच्यातूनच चर्चला गेली होती. पण तेव्हा हिची चाकं होती बिस्किटाएवढी! आता मी गाडी चांगली जमिनीलगत खाली बसवली, लालभडक रंग दिला. मग तिला शोभतील अशी रुंद चाकं नकोत?

आता चाक घ्यायचं म्हणजे नुसती उंची-रुंदी बघून भागत नाही. ऑफसेट लागतो. बोल्टच्या जागेपासून चाक किती आत बसतं, किती बाहेर डोकावतं, त्याचा आकडा. आकडा कमी घ्या, चाक बाहेर येतं. जास्त घ्या, आत जातं. संपलं! पण एवढ्यावरून आमच्या कफानात, म्हणजे जिथे प्यायला कमी आणि सल्ले द्यायला जास्त लोक येतात तिथे, नुसती हाणामारी व्हायची बाकी होती.

"पंचवीस घे, पंचवीस!" पोस्टमन ओरडला. त्याच्याकडे सायकल आहे.

"छे! पंधरा! चाकानं कसं छाती काढून उभं राहायला पाहिजे!" हे आमचे दातांचे डॉक्टर.

शेवटी निवाडा कुमनं केला. 'वर देव, खाली कुम' अशी आमच्याकडे म्हणच आहे. लग्नाचा मुख्य साक्षीदार तो. त्याचा शब्द कुणी मोडत नाही. आमचा कुम झिवोयिन अंगानं म्हणाल तर एका माणसात दोन! आमच्या अंगणात येऊन तो हाश्शहुश्श करत वाकला, लावून बघितलेल्या पंधरावाल्या चाकाच्या आणि मडगार्डच्या फटीत आपलं जाडजूड बोट घातलं आणि फिरवलं.

"एक बोट जागा! बास! पंधराच!"

मग प्रत्येकानं आपापलं बोट घालून बघितलं. सगळ्यांची बोटं पास!

डोब्रिला कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "अरे रातोमिर, गाडीत बसून बघितलं का कुणी?"

"गाडी बाहेरून मोजतात, बाई!" मी म्हणालो. सगळे खो खो हसले.

लग्नाचा दिवस उजाडला. गाड्यांना झेंडे, भोंग्यांचा गदारोळ, उघड्या ट्रकवर पिपाणीवाले. नवरीच्या दारी तिच्या भावानं रिवाजाप्रमाणे घासाघीस करून बहीण आम्हाला 'विकली'. विहीणबाई पोटभर रडल्या. नवरी, म्हणजे आमची यास्ना, पुढे माझ्या शेजारी बसली. म्हणजे आधी तिचा झगा बसला, मग उरलेल्या जागेत ती. आणि मागे, उजवीकडे, कुम बसला.

गाडी कण्हली! उजवा कोपरा बसला तो वर यायचं नावच घेईना.

सरळ रस्त्यावर कशीबशी निभावली. पण पहिलंच डावं वळण आलं आणि खर्रर्रर्र! मडगार्ड टायरवर जाऊन बसलं. धूर निघाला.

"बाबा, हा कसला वास?" यास्नानं विचारलं.

"फुलांचा, बाळा."

मागून वऱ्हाडी ओरडले, "शाब्बास रातोमिर! आणखी धूर काढ!" आमच्याकडे लग्नात हौशी पोरं मुद्दाम टायर जाळतात ना! त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चेव आलाय. पिपाणीवाल्यांनी तर गाल फाटेस्तोवर फुंकलं.

चाक अडकायला लागलं तसा मी घाबरून उजवीकडे वळलो. आणि काय आश्चर्य! गाडी डावीकडे झुकली, फट उघडली, आवाज बंद! चर्च डावीकडे होतं. असू दे. तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं! डोकं चालवावं तर मीच!

एक उजवं. दुसरं उजवं. मागे अख्खी वरात. तिसरं उजवं घेतलं आणि समोर बघतो तर नवरीचं घर!

आता, आमच्यात वरात आल्या वाटेनं कधी परत जात नाही. महाअपशकुन! आणि इथे तर नवरीच पुन्हा दारात! विहीणबाईंचे डोळे अजून पुसून व्हायचे होते.

"अगं बाई! पोरीला परत आणलं!"

व्याही धावत आले. "काय खोट निघाली तिच्यात? आत्ताच्या आत्ता सांगा!"

"विकलेला माल परत घेत नाही!" नवरीचा भाऊ गरजला.

"तसं नाही हो," मी हात जोडले. "ऑफसेट आहे जरा..."

"माझ्या पोरीला?" असं म्हणून विहीणबाईंनी जो टाहो फोडला! पिपाण्या बंद पडल्या. मागच्या गाडीतून ओग्न्येन पांढराफटक होऊन उतरला. "बाबा, माझं लग्न मोडताय का?"

खरं कारण मागच्या सीटवर मांडी घालून बसलं होतं. पण कुमला 'उतर' म्हणणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर! आणि न म्हणावं तर टायर फुटणार. खरं सांगतो, मलाच रडू यायला लागलं.

यास्नानं माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, मागे कुमकडे बघितलं. मग बूट काढून हातात घेतले आणि खाली उतरली.

"आई, गप्प बस बघू! मी परत आलेली नाही. आलुबुखाराच्या बागेतून चालत जायचंय मला. ती वाट वेगळी आहे, अपशकुन नको."

"नवरी चालणार आणि कुम बसून राहणार?" झिवोयिन गरजला आणि उतरला. गाडी टुणकन वर आली! त्यानं लगेच वाकून फटीत बोट घातलं.

"आहे की एक बोट जागा! मग थांबलास कशाला, गाढवा?"

वरात बागेतून निघाली. पिपाण्या पुढे, नवरी अनवाणी, विहीणबाई हसत-रडत. सगळ्यात मागे मी, फिचामध्ये एकटा. डावं वळण घेतलं, हूं की चूं नाही! वाटेत डोब्रिला उंच टाचांवर लंगडत चालली होती. मी काच खाली केली.

"बघितलंस? पंधराच बरोबर होता! चल, ये, बस."

"नको रे बाबा," ती म्हणाली. "मी बसले तर तुझा ऑफसेट बिघडेल."